तक्त्यातली आई

जोगेश्वरी पूर्वेला, गुंफेकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका जुन्या इमारतीत विद्याधर तुळसकर राहतात. त्यांचं नाव तुम्ही ऐकलेलं नसणार. पण तुमचं लहानपण मराठी बालवाडीत गेलं असेल, तर त्यांच्या बाणावर बोट ठेवून तुम्ही 'ण बाणाचा' म्हटलं असण्याचा बराच संभव आहे. शाळेच्या भिंतीवर लावायचे तक्ते असतात ना, ओळीने चित्रं आणि प्रत्येक चित्राखाली एक शब्द, ते काढण्यात या माणसाची सगळी हयात गेली.

वडील वेंगुर्ल्याकडचे, गिरणीत कामाला. मुलाने कुठेतरी हपिसात चिकटावं एवढीच त्यांची इच्छा. मुलगा चिकटला तो अंधेरीच्या एका छापखान्यात, हातात ब्रश घेऊन. छापखान्याच्या मालकाला एकदा वाटलं, चित्रांना नुसते आकडे द्यावेत आणि शब्दांची यादी खाली एका कोपऱ्यात छापावी. जागा वाचेल, चार चित्रं जास्त बसतील. विद्याधर एरवी तोंडातून शब्द काढायचे नाहीत, पण त्या दिवशी म्हणाले, "शेठ, तुम्ही भात या खोलीत आणि आमटी त्या खोलीत बसून जेवता काय? चित्र आणि शब्द एकाच ताटात वाढायला हवेत." मालक हसला आणि यादी रद्द झाली.

लग्न होऊन घरात आलेल्या रत्नप्रभेला या कामाचं भारी नवल वाटायचं. एक वांगं काढायला दोन दिवस! तिने विचारलंही होतं, "पोरांना नुसतं सांगितलं तर कळत नाही का वांगं म्हणजे काय?"

"कळतं. पण राहत नाही," विद्याधर म्हणाले. "आमच्याकडे खाडीत होडी एका दोराने बांधली ना, तर ओहोटीला गरागरा फिरते. दोन दोर लावले की जागची हलत नाही. चित्र एक दोर, शब्द दुसरा. एक सुटला तरी दुसरा धरून ठेवतो."

'माझे कुटुंब' नावाचा तक्ता काढायला घेतला तेव्हा त्यांच्या मुलीचा, मधुवंतीचा, जन्म व्हायचा होता. आजोबांसाठी विद्याधरांनी वडिलांना टोपी घालून बसवलं आणि आईसाठी रत्नप्रभेला. खिडकीपाशी पाट, पुढ्यात परात, परातीत कणीक, अंगावर हिरवी साडी, अंबाड्यात अबोलीचा वळेसर.

"अहो, कणीक सुकली."

"सुकू दे. हात हलवू नको."

"मग रात्री पापड खाल पोळीऐवजी."

"खाईन. मान खाली."

चित्र झालं. ती बराच वेळ बघत राहिली. मग लाजत म्हणाली, "खाली माझं नाव लिहा ना."

"नाव लिहिलं तर तू एकटीच होशील. 'आई' लिहिलं की सगळ्या पोरांची." आणि त्यांनी निळ्या रंगात, त्यांच्या त्या गोल गोल अक्षरात लिहिलं, 'आई'.

त्यांनी तिचं नाव लिहिलं ते एकदाच, लग्नात, तांदळाच्या ताटात अंगठीने. माहेरची ती शुभा. रत्नप्रभा हे नाव त्यांनीच ठेवलं आणि ठेवलं ते ठेवूनच दिलं. तुळसकरांच्या घरात बायकोला नावाने हाक मारायची रीत नव्हती. घरात 'अगं', चार माणसांत 'ऐकलंस का', आणि राग आला की नुसतं खाकरणं. तिलाही त्याचं काही वाटलं नाही. त्या 'अगं'मधून त्यांना चहा हवाय की चष्मा सापडत नाहीये, हे तिला बरोबर कळायचं.

तो तक्ता गावोगाव गेला. मधुवंती बालवाडीत जायला लागली तर तिथल्याही भिंतीवर तोच. बाईंनी छडी ठेवून विचारलं, "ही कोण?" सगळी पोरं ओरडली, "आई!" आणि मधुवंतीने भोकाड पसरलं, "माझी आहे! तुमची नाही!" हा किस्सा घरात इतक्यांदा सांगून झाला होता की नवा पाहुणा आला की मधुवंतीच म्हणायची, "सांगा आता, माझं भोकाड सांगा एकदाचं."

दोन वर्षांपूर्वी दाढी करताना विद्याधरांच्या हातातून वस्तरा पडला. त्यांनी तो उचलायला हात पुढे केला, तर हात आलाच नाही. अर्धांगवायूचा झटका. इस्पितळातून घरी आले तेव्हा उजवी बाजू लुळी आणि शब्द गेलेले. समजायचं बरंचसं. "पाय वर घ्या" म्हटलं की डावा पाय वर घ्यायचे. पण बोलायला गेले की "ते... ते... ते" आणि मग कपाळाला आठ्या. कधी कधी डाव्या हाताची चिमूट हवेत धरायचे, जणू ब्रश.

त्यांचा धाकटा भाऊ लवू कुर्ल्याहून भेटायला आला. पलंगाशी बसून म्हणाला, "काय रे दादा, झोपान ऱ्हवलंस? उठ, चल वर्सोव्याक, बांगडे घेवन येऊया." विद्याधर त्याच्याकडे बघत राहिले आणि एकदम स्वच्छ म्हणाले, "मेल्या!"

लवूने टाळी वाजवली. "वैनी, बघ! माका वळखल्यान!"

रत्नप्रभा हसली, पण आत कुठेतरी खुपलं. भावासाठी शिवी का होईना, शिल्लक होती. तिच्यासाठी काहीच नव्हतं. 'अगं'सुद्धा नाही.

मधुवंती मुलुंडला राहते, बँकेत आहे. तिने शोधाशोध करून दिशाला आणलं. दिशा वाचा गेलेल्या माणसांना पुन्हा बोलायला शिकवते. जेमतेम पंचविशीची मुलगी, पाठीवर पोरांसारखी बॅग. तिने पहिल्या दिवशीच समजावून सांगितलं, "आजी, आजोबांचे शब्द पुसले नाहीयेत. आहेत आत, पण तिथवर जायचा रस्ता बंद पडलाय. आपण दुसरा रस्ता करायचा. वस्तूचा फोटो दाखवायचा, खाली मोठ्या अक्षरात शब्द, आणि त्याच वेळी आपण तो बोलायचा. डोळ्यांनी चित्र, डोळ्यांनी शब्द, कानांनी शब्द. रोज."

ही पोर रत्नप्रभेला तिच्याच नवऱ्याचं म्हणणं सांगत होती.

"फोटो कशाला काढायचे?" ती म्हणाली. "चित्रं घरातच आहेत की."

दिशा म्हणाली, "घरातल्या खऱ्या वस्तूंचे फोटो बरे पडतात, आजी. तुमचा कप, तुमची खुर्ची, तुमची माणसं."

"अगं, पण यांच्या हातची चित्रं आहेत! यांच्याइतकी ती कोण ओळखणार?"

माळ्यावरून तक्त्यांची गुंडाळी खाली आली.

आणि खरंच गुण आला. रोज दुपारी चहानंतर रत्नप्रभा एकेक तक्ता भिंतीवर लावायची आणि त्यांचं डावं बोट धरून चित्रावर ठेवायची. पहिला शब्द आला तो 'बाण'. मग ढग. मग भाज्यांचा तक्ता, वांगं, भेंडी, गाजर. एकदा ती बाजारातून पिशवी घेऊन आली, पिशवीतून वांगं घरंगळून त्यांच्या पायाशी गेलं, आणि खुर्चीतून आवाज आला, "वांगं." भिंतीवर तेव्हा काही नव्हतं. खरं वांगं बघून खरा शब्द आला होता. रत्नप्रभेने मधुवंतीला बँकेत फोन लावला.

"आई, मीटिंगमध्ये आहे मी."

"बाबा वांगं म्हणाले!"

"काय?"

"वांगं!"

मग मधुवंती नाक ओढत म्हणाली, "भरलं वांगं कर आज त्यांच्यासाठी."

मग दिशा म्हणाली, आता माणसं घेऊ. तिने मोबाइलवर फोटो काढून कागदावर छापून आणले. खाली शब्द लिहायचे होते. मधुवंतीचं झालं, लवूचं झालं. रत्नप्रभेच्या फोटोपाशी तिने पेन थांबवलं. "आजोबा तुम्हाला काय हाक मारायचे?"

"अगं."

"हं, बोला ना."

"तेच. अगं."

दिशा हसायला लागली. "म्हणजे फोटोखाली 'अगं' लिहू?"

रत्नप्रभाही हसली, पण तिला ते विचित्र वाटलं. उद्या कुणी पाहिलं तर काय म्हणेल? "रत्नप्रभा लिही," ती म्हणाली. नाव आहे ना आपल्याला, मग चांगलं नावच शिकू देत.

ते नाव विद्याधरांना आलं नाही. दिशाने पहिलं अक्षर 'र' म्हणून दिलं, रत्नप्रभेने स्वतःकडे बोट करकरून सांगितलं, पण ते फोटोकडे बघायचे, तिच्याकडे बघायचे आणि ओठ हलायचे ते "ते... ते..." पाशी अडायचे. ज्या नावाने उभ्या जन्मात हाक मारली नाही, त्याची वाट त्यांच्या जिभेला ठाऊक असणार कशी?

'माझे कुटुंब' मात्र त्यांचा लाडका तक्ता झाला. तो लावला की ते खुर्चीत पुढे सरकायचे. "आजोबा" म्हणायचे, "बाबा" म्हणायचे. हिरव्या साडीतल्या बाईवर रत्नप्रभा त्यांचं बोट ठेवायची आणि स्वतःच सांगायची, "आई. म्हणा, आई." तिच्या मनात काही आलंसुद्धा नाही. तक्त्यावर तेच लिहिलेलं होतं.

एका सकाळी ती खिडकीपाशी कणीक मळत होती. गुडघ्यांमुळे आता पाटावर नाही, स्टुलावर. मान खाली. विद्याधर तिच्याकडे बघत होते.

"आई," ते म्हणाले.

तिला वाटलं, तक्ता वाचताहेत. मागे वळून पाहिलं तर भिंत मोकळी. पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उजळला होता, वांग्याच्या वेळी उजळला होता तसा. डावं बोट सरळ तिच्यावर रोखलेलं.

"आई."

"नाही हो," ती म्हणाली. "मी आई नाही. मी... मी मी आहे."

त्या दिवसापासून ती घरात 'आई' झाली. पाणी हवं, आई. पाठ खाजवायची, आई. लवू आला तेव्हा त्याच्यासमोरच हाक आली. तो म्हणाला, "वैनी, तुका बढती गावली गो!" आणि मग तिचा चेहरा बघून खाली मान घालून चहा प्यायला.

मधुवंतीने समजूत घातली. "अगं, ते मला नेहमी म्हणायचे ना, 'आईला सांग', 'आईला बोलाव'. तेच आलं असेल."

"तुला सांगताना म्हणायचे. मला नाही."

रत्नप्रभेला काय टोचत होतं, ते तिने शेवटी दिशालाच विचारलं. जिन्यात, दिशा चपला घालून निघताना. "मला एकच सांग. शब्द चुकतोय, की माणूस चुकतोय? मी बायको आहे हे त्यांना ठाऊक आहे, की मी त्यांची आई आहे असं वाटतं त्यांना?"

दिशाने चपलेचा पट्टा नीट केला, मग पुन्हा सैल केला. "मला वाटतं, ते तुम्हाला ओळखतात."

"वाटतं?"

"खात्रीने कसं सांगू, आजी? ज्याला विचारायचं, त्याच्याकडेच सांगायला शब्द नाहीत."

रत्नप्रभेने आपल्या परीने परीक्षा घेऊन पाहिली. सासूबाईंचा हार घातलेला फोटो भिंतीवरून काढला आणि विद्याधरांपुढे धरला. "ही कोण?" त्यांनी बराच वेळ पाहिलं. डावा हात उचलून छातीशी नेला, अर्धा नमस्कार केला. हे उत्तर होतं की नव्हतं, तिला कळेना. फोटो पुसून तिने परत खिळ्याला लावला.

मग तिने एक कागदाची पट्टी कापली, त्यावर मोठ्या अक्षरात 'रत्नप्रभा' लिहिलं आणि तक्त्यातल्या 'आई'वर चिकटवली. चित्र तेच, शब्द बदलायचा, एवढं साधं वाटलं तिला. विद्याधरांनी तक्ता पाहिला आणि खुर्चीचा हात धरून ते अर्धवट उठले. "नाय! नाय!" डाव्या हाताच्या नखाने पट्टी खरवडायला लागले. पट्टी निघेना, तसे डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यभर त्यांच्या चित्राखालचा शब्द त्यांनी कुणाला हलवू दिला नव्हता, मालकालासुद्धा. तिने पाण्याचं बोट फिरवून पट्टी सोडवली. खालचं निळं 'आई' थोडं फिकट झालं होतं, पण स्पष्ट होतं.

"दोन दोरांनी बांधलंय," ती स्वतःशीच म्हणाली. आणि बांधताना बोट आपणच धरलं होतं.

तिने सगळे तक्ते गुंडाळून माळ्यावर टाकले. दिशा म्हणाली, "आजी, असं एकदम बंद करू नका. आलेले शब्द जातील." रत्नप्रभा म्हणाली, "जाऊ देत थोडे दिवस. तोही जाईल."

शब्द गेले. आधी ढग गेला, मग बाण. भाजीची पिशवी समोर ओतली तरी वांगं नुसतं वांग्यासारखं पडून राहायचं. विद्याधर मोकळ्या भिंतीकडे बघत बसायचे. राहिला तो एकच शब्द. बाकीची चित्रं माळ्यावर गेली होती. आईचं चित्र घरभर फिरत होतं, चहा करत होतं, चादर बदलत होतं. ते कसं उतरवून ठेवणार?

मधुवंतीने फोनवर शेवटचा उपाय सुचवला. "'आई' म्हणाले की ओ देऊच नकोस. दोन-तीनदा ओ दिली नाहीस की आपोआप दुसरं काही शोधतील. लहान मुलांचं करतो ना आपण तसं."

दुपारी ती स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. बाहेरून हाक आली. "आई."

ती गप्प राहिली.

"आई!"

मेथीची काडी तिच्या हातात तशीच राहिली. 'अगं' म्हणा, ती मनात म्हणत होती. एकदा म्हणा. कसंही म्हणा, बोबडं म्हणा, अर्धं म्हणा. हाका मोठ्या झाल्या, मग बारीक झाल्या, मग थांबल्या. शब्द शोधताहेत, तिला वाटलं. तिने आणखी थोडी वाट पाहिली. कानात प्राण आणून वाट पाहिली.

बाहेर आली तेव्हा विद्याधर खुर्चीतून घसरून खाली आले होते. लुळा पाय अंगाखाली दुमडलेला, चांगला हात खिडकीच्या गजात अडकवून धरलेला, लेंगा ओला झालेला. ओरडून ओरडून घसा बसला होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं. रागावलेही नव्हते. आली एवढंच त्यांच्या डोळ्यांत होतं.

तिला एकटीला उचलवेना. तिने वॉचमन अंबादासला खिडकीतून हाक मारली. दोघांनी मिळून त्यांना पलंगावर घेतलं. घाम पुसत अंबादास म्हणाला, "आजोबांनी हाक नाही मारली काय?"

"मारली," रत्नप्रभा म्हणाली.

तिने त्यांचा लेंगा बदलला, पाय चोळला. हाड मोडलं नव्हतं. मग अंबादासलाच स्टुलावर चढवून गुंडाळी खाली काढायला लावली.

भिंतीवर तक्ते पुन्हा लागले, या वेळी सगळे एकदम. कपाटाच्या दारावरसुद्धा भाज्या आल्या. वांगं काही दिवसांनी परत आलं, अडखळत. बाण अजून आलेला नाही. दिशा म्हणते, येईल, पण पूर्वीसारखं छातीठोक म्हणत नाही. 'माझे कुटुंब' खुर्चीच्या अगदी समोर आहे. तो लावताना विद्याधर डाव्या हाताने दाखवत होते, थोडा वर, थोडा डावीकडे. वाकडा लागलेला त्यांना खपत नाही.

शब्द चुकतोय की माणूस, हे रत्नप्रभेने पुन्हा कुणालाही विचारलं नाही. कधी कधी भांडी घासताना ती हळूच "अगं" म्हणून पाहते, त्यांच्यासारखं शेवटाला ओढून. ते तिला जमत नाही.

काल संध्याकाळी दिवा लावून ती वळली तर ते तिच्याकडेच बघत होते.

"आई."

"ओ," ती म्हणाली. जवळ जाऊन बसली. "काय हवंय?"

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. डावं बोट उचललं आणि भाज्यांवरून फिरवलं, फळांवरून फिरवलं, पक्षी, वाहनं, अवयव, सगळीकडून फिरवलं. मधेच थांबलं, पुन्हा सुरू झालं. हवं होतं ते कुठल्याच तक्त्यावर नव्हतं. बोट हवेतच राहिलं, आणि ती त्याच्याकडे बघत बसून राहिली.